लावेनियाचा अर्ज

मला गाता येत नाही. आमच्या गावात हे सांगणं म्हणजे बेटावर जन्मून पोहता येत नाही असं सांगण्यासारखं आहे. लहानपणी देवळात आईशेजारी उभी राहून मी मोठ्यानं गायला लागले, की पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची. एकदा पाळकांच्या बायकोनं मला हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाली, "कालोलाइने, बाळ, तू नुसते ओठ हलवत जा. देवाला कळतं." त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. मी ओठ हलवते आहे. देवाला कळत असेल.

आणि माझा धाकटा भाऊ पेनिसिमानी त्याच देवळाच्या गायकमंडळाचा प्रमुख. आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात, तीनपासून नऊपर्यंत. तीन हा पायाचा सूर, तिथून वर चढत जायचं. शनिवारी दुपार कलली की पेनिसिमानी देवळाच्या पडवीत काळा फळा उभा करतो आणि खडूनं आकड्यांच्या चार ओळी लिहितो. चाळीस माणसं घरची कामं टाकून येतात, फळ्याकडे बघतात, आणि त्या आकड्यांतून एकदम असा आवाज उठतो, की समोरच्या खाडीचं पाणी थांबलंय असं वाटतं. मला त्यातलं गोड काय आणि बेसूर काय ते कळत नाही. पण पाठीच्या कण्यात काहीतरी हलतं, तेवढं कळतं.

त्याची मुलगी लावेनिया सात वर्षांची असताना एकदा सगळ्यांच्या देखत उठली, फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, इथे आठ नको. सात हवा."

पेनिसिमानीनं तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मंडळाकडून आधी आठ म्हणवून घेतला, मग सात म्हणवून घेतला. नंतर मुकाट्यानं शर्टाच्या बाहीनं आठ पुसला. त्या दिवसापासून खडू दोघांत फिरायला लागला. ती पंधरा वर्षांची होईपर्यंत फळ्यावरचं अर्धं अक्षर तिचं होतं.

आमच्यात भावापेक्षा बहिणीचा मान मोठा, आणि भावाच्या मुलांवर आत्याचा अधिकार सगळ्यांत मोठा. लग्न, शिक्षण, परदेशी जाणं, काहीही असो, आत्या 'नको' म्हणाली की विषय संपला. मी हा अधिकार फारसा वापरला नव्हता. पण लावेनियाच्या बाबतीत वापरला होता. राजधानीत, नुकुआलोफाच्या इस्पितळात, माझी मावसबहीण मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्याकडे मी स्वतः विणलेली बारीक चटई, आमच्याकडची सगळ्यांत मानाची भेट, घेऊन गेले होते आणि पोरीसाठी नर्सिंगची जागा पक्की करून आले होते. लावेनियानं तेव्हा होकाराची मान हलवली होती. ती मान हलवते तेव्हा खरं तर आतल्या आत काहीतरी मोजत असते, हे मला पुढे कळलं.

लावेनियाचं शाळेचं शेवटचं वर्ष, जुलै महिना होता. आम्ही चौघीजणी माझ्या अंगणात तुतीची साल ठोकत बसलो होतो. लांब ओंडक्यावर ओली साल पसरायची आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत ती कापडासारखी रुंद करायची. चौघींच्या मोगऱ्या एकीमागून एक पडतात, कुणाची कुणाला अडत नाही. तासभर ठोकलं की हात आपलेच राहत नाहीत. ऊन झाडांतून खाली गळत असतं, कोंबड्या पायांत फिरतात, आणि आपण जागे आहोत की झोपलो आहोत हे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी लावेनियानं मोगरी खाली न ठेवता सांगितलं,

"आत्या, मला नर्सिंगला नाही जायचं."

माझ्याशेजारी म्हातारी तोकिलुपे होती. तिचा ठोका चुकला. आयुष्यात पहिल्यांदा चुकला असेल.

"मग कुठे जायचंय?" तोकिलुपे म्हणाली. "चंद्रावर?"

"न्यूझीलंडला. संगीताची पदवी घ्यायची आहे. तीन वर्षांची."

"गाण्याची पदवी! अगं, गाणं तर आमची डुकरंसुद्धा ऐकून ऐकून शिकली. त्यांनाही पदवी देतात का विचार."

बायका हसल्या. मी हसले नाही. मला इस्पितळातली मावसबहीण दिसत होती, आणि चटई.

"तीन वर्षं करतात काय तिथे?" मी विचारलं.

"ऐकतात. लिहितात. गातात. दुसऱ्यांनी लिहिलेलं उलगडून बघतात."

"आणि मग?"

"मग... माहीत नाही, आत्या."

खोटं बोलली असती तर मी लगेच नको म्हटलं असतं. "बघू," मी म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लावेनियानं खाली मान घातली आणि पुन्हा ठोकायला लागली. तिचा ठोका मात्र चुकला नव्हता.

दोन दिवसांनी पेनिसिमानी आला. वयात आलेल्या भावाबहिणीनं एका खोलीत बसायचं नाही, ही आमची रीत. त्यामुळे तो नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि दाराच्या चौकटीकडे बघून बोलायला लागला. गेली चाळीस वर्षं तो माझ्याशी असाच बोलतो. त्या चौकटीला माझ्यापेक्षा त्याचा चेहरा जास्त ओळखीचा असेल.

"ताई, यंदा कोनफळं बरी आलीत."

"हं."

"दोन टोपल्या पाठवतो."

"पाठव."

त्यानं चौकटीवरची मुंगी बोटानं हळूच बाजूला केली. "ताई, पोरीचा आवाज... असा आवाज वीस वर्षांत ऐकला नाही मी. ऑकलंडला गायनाचा मोठा वर्ग आहे. निवडून घेतात."

"मला काय विचारतोस? मला आवाजातलं काय कळतं?"

"म्हणूनच विचारतो. ज्यांना कळतं ते तिचं गाणं ऐकून लगेच हो म्हणतात. त्यांच्या हो म्हणण्यावर माझा विश्वास राहिला नाही. मीही त्यांच्यातलाच."

हे ऐकून मला हातातलं विणकाम बाजूला ठेवावं लागलं. माझा भाऊ जन्मात कधी इतकं लांब बोलला नव्हता.

"अर्ज म्हणजे काही लग्न नव्हे," मी म्हणाले. "भरू दे. नर्सिंगची जागा मी सोडलेली नाही, हे मात्र तिला सांग."

मग अर्जाचे दिवस सुरू झाले. लावेनिया रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर फोन घेऊन बसायची, कारण गावात तिथेच जरा बरं नेट येतं. अर्ज म्हणजे एक लांबलचक चौकशी होती. संगीतात काय शिकायचंय, हाच पहिला प्रश्न, आणि खाली यादी. गायन, वादन, रचना, शिकवणं, ध्वनिमुद्रण. मला वाटलं होतं, संगीत म्हणजे संगीत. ही तर मासळीबाजारासारखी पाट्यांची रांग निघाली.

तिनं दोन अर्ज केले. एक ऑकलंडला, गायनाचा. तो बापासाठी, पाळकांसाठी आणि सगळ्या गावासाठी होता. दुसरा न्यूझीलंडच्याच दूर दक्षिणेकडच्या, बर्फाच्या बाजूच्या एका गावातल्या विद्यापीठाला, रचनेचा. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. पेनिसिमानी म्हणाला, "भरून ठेव, सोय म्हणून." बस.

दोन्हीकडे एक गोष्ट मागितली होती: स्वतःविषयी पाचशे शब्द. माझी भावजय मेलेअने हे ऐकून गालावर हात ठेवून बसली.

"वन्सं, पाचशे शब्द? स्वतःच्याच तोंडानं? आपल्याकडे मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा इतकं बोलत नाहीत."

"त्यांना मी कोण आहे ते कळायला हवं, आई," लावेनिया म्हणाली.

"मग लिही, पेनिसिमानीची मुलगी. कालोलाइनेची भाची. झालं. उरलेल्या शब्दांचं काय करायचं ते त्यांना विचार."

लावेनिया आठ दिवस त्या पाचशे शब्दांशी झुंजत होती. दरवेळी 'मी' लिहिलं की तिला लाज वाटायची आणि ती ते 'आम्ही' करायची. शेवटी इंग्रजीच्या मास्तरांनी बजावलं की 'आम्ही'ला प्रवेश मिळत नाही, एकालाच मिळतो. मग कुठे तिनं ते बदललं.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. रचनेच्या अर्जाला दोन लिहिलेली कामं जोडायची होती, आणि ती आकड्यांत चालणार नव्हती. जगात सूर पाच रेघांवर लिहितात. लावेनियाला रेघा वाचता येत नव्हत्या. गावात एकच माणूस ते शिकवू शकत होता, तो म्हणजे इसिलेली. पोलिसांच्या बँडमध्ये त्यानं तीस वर्षं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य वाजवलं होतं आणि आता तो धक्क्यावर होड्यांना रंग देत बसायचा. मुलगी एकटी नको म्हणून मी विणकाम घेऊन सोबत जायची.

ते दिवस आठवले की मला अजून गुंगी येते. देवमाशांचे महिने होते, समुद्र दुधी दिसायचा. उलट्या ठेवलेल्या होडीच्या पोटावर इसिलेली रंगाच्या काडीनं पाच रेघा ओढायचा आणि लावेनिया त्यांवर टिंबं ठेवायची. चुकलं की तो त्यावर ब्रश फिरवायचा. महिनाभरात त्या होडीवर निळ्या रंगाचे इतके थर चढले, की मालक म्हणाला, आता ही रंगाच्या जिवावरच तरंगेल.

एकदा लावेनिया वैतागली. काडी फेकून दिली.

"काय झालं?" इसिलेलीनं विचारलं.

"आकडा सांगतो, घरापासून किती लांब आलात ते. पाच म्हटलं की मला कळतं, घर जवळच आहे. ही रेघ नुसती सांगते, किती उंच. उंच आहे, पण कुणापासून? घर कुठे आहे?"

इसिलेलीनं ब्रश पुसला. "घर डाव्या कोपऱ्यात एकदाच लिहितात, पोरी. ती खूण बघ. मग ते डोक्यात धरून ठेवायचं आणि शेवटपर्यंत विसरायचं नाही. पुन्हा पुन्हा कुणी सांगत नाही."

तिनं काडी उचलली आणि ती खूण पुन्हा गिरवली. लांब कुठेतरी देवमाशानं पाणी उडवलं, आणि कुणी तिकडे पाहिलं नाही.

सप्टेंबरात ऑकलंडहून बोलावणं आलं. गाऊन दाखवायचं होतं. माझा मुलगा विलीसोनी तिथे मांगेरेत राहतो, त्यामुळे मीच तिला घेऊन गेले. विद्यापीठाच्या त्या इमारतीत एक लांब बोळ होता आणि दोन्ही बाजूंना बंद दारं. लावेनियाला एका दारातून आत नेलं आणि मला बोळातल्या बाकावर बसवलं. मानाच्या ठिकाणी जाताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती चटई मी नीट केली, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघायला लागले.

प्रत्येक दारामागे कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. एकीकडे पियानो, एकीकडे काहीतरी बारीक, मांजरीच्या पिलासारखं, कुठे कुणी एकच सूर पुन्हा पुन्हा म्हणत होतं. दारांतून ते सगळं थोडं थोडं गळत होतं आणि बोळात येऊन मिसळत होतं. आदल्या दिवशीच्या विमानानं मी थकले होते. डोळे मिटले. मला आमची खाडी दिसली, आणि खाडीवर माझी आई पसरलेल्या सालीवरून चालत येत होती. साल ओली होती, पाण्याच्या रंगाची, आणि आई जिथे पाऊल ठेवील तिथे ती रुंद होत जायची. कसलीही घाई नव्हती. आई काहीतरी म्हणत होती, पण शब्द नव्हते, ते बोळातलंच सगळं एकत्र झालेलं होतं. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

"आत्या."

लावेनिया समोर उभी होती. गाल लाल झाले होते.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. खूप चांगलं. त्यांनी दुसरं गाणंही मागितलं. मला वाटतं घेतील."

"मग असा चेहरा का?"

ती माझ्याशेजारी बसली. "आत गाताना मी सगळा वेळ बाहेरचं ऐकत होते. तुम्ही काय ऐकत होता इथे?"

"मला काय कळतंय? सगळं एकदमच ऐकू येत होतं. पत्र्यावर पाऊस पडावा तसं. वेगळं वेगळं काढताच येईना. बरं वाटत होतं. डोळा लागला."

लावेनियानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या हातात काही ठेवलं आहे. "तेच," ती म्हणाली. "मला तेच लिहायचंय, आत्या."

मी तिला म्हटलं, आधी काहीतरी खा.

दक्षिणेच्या विद्यापीठाची मुलाखत घरूनच होती, पडद्यावर. जवळच्या शहरात, नेइआफूच्या शाळेत, संगणकाची खोली आहे, तिथे शनिवारी सकाळी आम्ही बसलो. पेनिसिमानी बाहेर आंब्याखाली थांबला, कारण आत मी होते. पडद्यावर दोघं होती: पिकल्या केसांची एक बाई आणि लाल मफलरवाला, गोल चष्म्याचा एक माणूस. लावेनियानं दोन कामं पाठवली होती. एक स्तोत्र होतं, चार आवाजांचं. दुसरं काय होतं ते तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

मफलरवाल्यानं ते लावलं. पहिला ठोका पडला आणि मी ताठ झाले. आमच्या मोगऱ्या होत्या त्या! माझ्या अंगणातल्या. कारटीनं कधी फोन लपवून ठेवला होता देव जाणे. चार मोगऱ्या एकीमागून एक पडत होत्या, आणि त्यांच्या खालून आमचं गायकमंडळ ओठ मिटून एकच लांब सूर धरत होतं. तो हळूहळू रुंद होत होता. मी डोळे मिटावेत म्हणत होते, इतक्यात माझाच आवाज खोलीत कडाडला:

"अगं ती डुकरीण हाकला! साल खाईल मेली!"

धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी कमरेच्या चटईची कडा तोंडाशी नेली.

मफलरवाल्यानं ते तिथेच थांबवलं. त्याच्या हातात कागद होता. "हा आवाज," तो लावेनियाला म्हणाला, "चुकून आला, की लिहिलेला आहे?"

"आधी घडला. मग मी लिहिला. सोळाव्या ओळीत बघा."

"बघतो आहे. तीन सूर. आणि शेवटच्या सुरावर बाण काढलाय, तो का?"

"तो सूर कुठल्याच रेघेवर बसत नाही. दोन सुरांच्या मध्ये आहे, जरासा वर. माझ्या आत्या नेहमी तिथेच असतात. मी पाच वेळा तपासलं. त्या चुकत नाहीत, दरवेळी नेमक्या तिथेच असतात. आपल्याकडे त्याला जागा नाही, म्हणून बाण काढावा लागला."

पिकल्या केसांची बाई पुढे झुकली. "त्या इथे आहेत का?"

लावेनियानं मला पुढे ओढलं. माझा अर्धा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात आला. ती बाई म्हणाली, भेटून आनंद झाला. मी म्हणाले, डुकरीण खरंच आत शिरली होती.

त्यानंतर त्यांनी तिला बरंच विचारलं, रेघा वाचायला कधी शिकलीस वगैरे. तिनं खरं खरं सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी, होडीवर. मी त्यातलं काही ऐकलं नाही. मी कागदावर होते. माझा आवाज, जो देवळात नको होता, तो कुणीतरी पाच वेळा ऐकून, मोजून, नेमका कुठे आहे ते शोधून लिहिला होता. बाहेर आले तेव्हा पेनिसिमानी आंब्याच्या खोडाला विचारत होता, "कसं झालं, ताई?" मी नुसती मान हलवली, आणि खोडाला ती दिसली नाही.

ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोन्ही उत्तरं आली. ऑकलंडनं गायनाला घेतलं होतं, विनाअट. दक्षिणेनंही रचनेला घेतलं होतं, पण रेघा वाचण्या-लिहिण्याचा एक जादा विषय पहिल्या वर्षी पास व्हायलाच हवा, अशी अट होती. दोन्हीकडे पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

गाव पेटलं. ज्याला त्याला मत होतं. पाळक म्हणाले, आवाज हे देवाचं दान, ते कागदात पुरायचं नसतं. मेलेअनेला थंडीची धास्ती. "वन्सं, तिथे म्हणे समुद्रकाठीसुद्धा बर्फ पडतं. पोर गोठून जाईल." तोकिलुपेचं म्हणणं, ऑकलंडला नवरा तरी मिळेल. इस्पितळातल्या मावसबहिणीचा फोन आला की जागा अजून आहे. पेनिसिमानी काही बोलत नव्हता, पण शनिवारी गाणं थांबवून थांबवून लावेनियाच्या आवाजाकडे कान द्यायचा, आणि सगळे ते बघायचे. पोर वाळायला लागली. दोन घास खाऊन उठायची. एकदा मी तिला देवळामागे बघितलं. चार बायका तिला घेरून एकदमच सल्ला देत होत्या आणि ती मान हलवत होती.

त्या रविवारी उपासना संपल्यावर मी उठले आणि पुढे गेले. मी कधी पुढे जात नाही.

"पेनिसिमानीच्या मुलीची मी आत्या आहे," मी म्हणाले. "तिच्या शिक्षणाबद्दल शेवटचा शब्द माझा. कुणाला शंका आहे?"

कुणालाच नव्हती.

"तर माझा शब्द ऐका. आजपासून पुढच्या रविवारपर्यंत या पोरीला कुणीही, काहीही सांगायचं नाही. पाळकसाहेब, तुम्हीसुद्धा. तोकिलुपे, तू तर मुळीच नाही. गाणं, थंडी, नवरा, काही नाही. हवापाण्याचं बोला. नर्सिंगची जागा मी आज सोडते आहे. त्या बहिणीला काय सांगायचं ते मी बघेन. उरलेल्या दोनांतलं कुठलं, ते ही मुलगी ठरवेल, आणि ती ठरवेल तोच माझा शब्द. नंतर जो तोंड उघडेल, तो माझ्याविरुद्ध बोलला असं मी समजेन."

"हवा बरी आहे आज," मागून तोकिलुपे पुटपुटली.

तो आठवडा विचित्र गेला. लावेनिया रस्त्यानं निघाली की माणसं घाईघाईनं ढगांबद्दल बोलायला लागायची. घरात मेलेअने ताटात वाढायची आणि ओठ आवळून आत जायची. लावेनिया दुपारी इसिलेलीच्या त्या निळ्या होडीच्या सावलीत आडवी पडून राहायची. मी लांबून बघायची. झोपलेली असायची की जागी, सांगता यायचं नाही. शुक्रवारी ती माझ्याकडे आली. मी चटईसाठी पानं सोलत होते. तीही बसली आणि सोलायला लागली.

"आत्या, मी गायले की सगळे थांबतात," ती म्हणाली. "मला आवडतं ते. पण सगळे थांबले की मला ऐकायला काही उरत नाही."

"मी दक्षिणेला जाते."

"जा," मी म्हणाले.

"बाबांना..."

"बाबांना तूच सांग. ते माझं काम नाही."

तिनं सांगितलं. पेनिसिमानी त्या शनिवारी फळा काढायला आलाच नाही. पहिल्यांदाच मंडळ वाट बघून घरी गेलं. तो माळावर कोनफळांच्या वाफ्यात बसून होता, असं मेलेअने म्हणाली, हातात कुदळ, पण खणत नव्हता. मग रविवारी दुपारी तो माझ्या उंबऱ्याशी आला आणि चौकटीला म्हणाला,

"ताई, मी वरचा आवाज कुणाला देऊ आता?"

मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. त्यानं चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ऑकलंडला नको म्हणून कळवायचं बटण तिला दाबवत नाहीये. मी दाबू का?"

"तिला विचार," मी म्हणाले.

शेवटी दोघांनी मिळून दाबलं, असं मेलेअनेनं मला सांगितलं. तो तेव्हा रडला, आणि मग दोघं हसली, कारण नेट गेलं होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

फेब्रुवारीत ती गेली. आणि सगळं सोन्याचं झालं असं काही नाही. जूनमध्ये फोन आला, रेघांच्या विषयात नापास झाली होती. तिथल्या पोरी पाच वर्षांच्या असल्यापासून रेघा वाचत होत्या. मास्तर पियानोवर काहीतरी वाजवायचे आणि ते ऐकता ऐकता लिहायचं असायचं. ती मनात आधी आकडे मांडायची, मग ते रेघांवर न्यायची, तोवर पुढचं निघून जायचं. पेनिसिमानी दुसऱ्याच दिवशी माझ्या दाराशी आला. ऑकलंडला असती तर, असं तो चौकटीला म्हणाला, आणि मलाही तेच वाटत होतं. नोव्हेंबरात तिनं पुन्हा परीक्षा दिली. काठावर पास झाली. आकडे अजून आधी येतात, ती म्हणाली, पण आता लवकर येतात.

डिसेंबरात ती सुट्टीला घरी आली. विमानतळावर आम्ही सगळे उन्हात उभे होतो. लावेनिया शिडीवरून उतरली ती गुडघ्यापर्यंत लांब, जाड लोकरी कोट घालून, कारण पेटीत त्याला जागा नव्हती. घामानं निथळत होती. मेलेअने तिला बघून हसता हसता रडायला लागली. कोट काढला, हार घातले, तिघी-चौघींनी मुके घेतले, आणि तिला गाडीत मागे माझ्याशेजारी बसवलं. ती बोलायला लागली. "माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर एक नदी आहे, आणि थंडीत सकाळी त्या नदीच्या कडेचं पाणी गोठतं तेव्हा फार बारीक आवाज येतो, आधी मला वाटलं उंदीर आहे, मग मी खाली जाऊन ऐकलं तर आत्या, तो—"

आणि वाक्याच्या मधेच तिला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. नारळाच्या सावल्या एकामागून एक तिच्या तोंडावरून सरकत होत्या. घर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.